दक्षिणेच्या बांधावरचे चिकू

“त्या चमकी पट्ट्या आधी उतरव, मग मला शास्त्र शिकव,” लतिकाबाई म्हणाल्या.

“आई, भात दुधात आहे, दाणा अजून कोवळा आहे. पट्ट्या काढल्या तर संध्याकाळपर्यंत मुनियांचे थवे बसतील.”

“बसू देत. इथं माणूस उपाशी बसलंय.”

माणूस म्हणजे नाना. गोपीनाथ सावे, डहाणू रोड स्टेशनातले निवृत्त पार्सल क्लार्क, लतिकाबाईंचा नवरा, मुक्ताचा सासरा. त्यांना जाऊन दहा दिवस झाले होते. चिखल्याच्या वाडीत, विहिरीशेजारी सारवलेल्या जागेवर, केळीच्या पानावर पिंड मांडले होते. अकरा वाजून गेले तरी कावळा शिवत नव्हता.

कावळे होते, चांगले चार होते. भातवाफ्याच्या दक्षिणेला जो बांध आहे, त्यावरच्या चिकूंवर बसून ते माना वाकड्या करून पिंडाकडे बघत होते. एखादा उतरायला पंख पसरायचा, तेवढ्यात वारा यायचा. भातावर आडव्या-उभ्या ताणलेल्या लाल-चंदेरी पट्ट्या फरफरायच्या, त्यांच्यावरून ऊन उसळायचं आणि कावळा पुन्हा फांदीवर जायचा.

“समुद्रावर केलं असतं तर एव्हाना घरी जेवत असतो,” शैलेश हळूच म्हणाला. तो नानांचा मुलगा, मुक्ताचा नवरा, डहाणूच्या शाळेत भूगोल शिकवणारा. किनाऱ्यावर होड्या लागतात तिथं कावळ्यांना हाकसुद्धा मारावी लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“म्हणजे माझ्या गुडघ्यांमुळे?” लतिकाबाई वळल्या. त्यांना वाळूत चालवत नव्हतं, म्हणून दहावा वाडीत ठेवला होता. “माझे गुडघे दिसतात. बायकोच्या पट्ट्या दिसत नाहीत!”

भटजींनी घड्याळ बघितलं. त्यांना साडेबाराला घोलवडला दुसरा दहावा होता. “काकू, दर्भाचा कावळा करून शिववू या. तशी सोय आहे.”

“एक्केचाळीस वर्षं संसार केला मी. गवताच्या कावळ्यावर बोळवू त्यांना?”

वापीहून आलेली शितल, शैलेशची मोठी बहीण, डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “नानांचा जीव कशात तरी अडकलाय, आई. कबूल करा काहीतरी, म्हणजे सुटतील.”

मुक्ता पट्ट्यांकडे बघत होती. तिचं सगळं त्या पट्ट्यांखाली होतं.

*

मुक्ता तलासरीची, आश्रमशाळेतल्या शिक्षकाची मुलगी. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली, दोन हजार तेराला लग्न होऊन चिखल्याला आली आणि पुढच्या वर्षी एका भात संशोधन प्रकल्पात सहाय्यक म्हणून लागली. अकरा महिन्यांची नेमणूक, एक दिवसाचा खाडा, पुन्हा अकरा महिने. काम काय, असं सासूने विचारलं तेव्हा तिने सोपं करून सांगितलं, “पानं ऊन कशी खातात ते बघायचं.” लतिकाबाईंनी ते वर्षभर पुरवलं. हळदीकुंकवाला बायका आल्या की म्हणायच्या, “आमची सून पानांना जेवायला वाढते. घरातल्यांचं मी बघते.”

काम खरं तर किचकट होतं. भर उन्हात पानावर झेपेल त्याहून जास्त प्रकाश पडतो, तेव्हा पान जादाचा प्रकाश उष्णता करून फेकून देतं. तो त्याचा बचाव. पण ढग आला, सावली पडली, तरी बराच वेळ ते पान बचावातच राहतं. धोका गेलेला त्याला लवकर कळत नाही आणि तेवढ्या वेळात खाण्याजोगा प्रकाश वाया जातो. काही वाणांची पानं मात्र पटकन सावरतात. असे वाण शोधायचे, दाणा त्यामुळे खरंच वाढतो का ते पाहायचं. त्यासाठी पानाला एक चिमट्यासारखं यंत्र लावून आकडे घ्यायचे, दहा ते बाराच्या उन्हात, म्हणजे नेमके घरातल्या स्वयंपाकाच्या वेळेला.

बाई, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख, शेतकऱ्याच्या शेतावर चाचणी घ्यायची म्हणाल्या तेव्हा नानांनी विहिरीखालचा वाफा दिला. करारासाठी कागद लागले. नाना दोन हजार पंधराच्या मे महिन्यात तालुक्याला गेले आणि तो सबंध तुकडा, बांधासकट, मुक्ताच्या नावे बक्षीस करून आले. साक्षीदार म्हणून शैलेशची सही घेतली. “तुझ्या आईला आत्ताच सांगू नकोस,” म्हणाले. शैलेशला न सांगणं नेहमीच सोपं जायचं.

पुढे तीन पावसाळे नाना छत्री घेऊन बांधावर बसले. मुक्ता आकडा सांगायची, ते पार्सल ऑफिसच्या गोल अक्षरात वहीत उतरवायचे. काळी नावाची वारली बाई वाफ्यात उतरून एकेका रोपाच्या शेवटच्या पानाला रंगीत लोकर बांधायची. काळीला लिहिता येत नव्हतं, पण कुठल्या रंगाचं रोप कुठल्या ओळीत आहे ते तिला वहीपेक्षा आधी आठवायचं.

दक्षिणेच्या बांधावरचे नऊ चिकू मात्र लतिकाबाईंचे. त्यांनीच लावलेले. लग्न झालं त्या वर्षी त्यांना डी.एड.चं बोलावणं आलं होतं. सासूने ते चुलीत घातलं. त्याच पावसाळ्यात त्यांनी घोलवडहून नऊ कलमं डोक्यावरून आणली आणि बांधावर रांगेने लावली. त्यांचं फळ त्या स्वतः उतरवायच्या, व्यापाऱ्याशी स्वतः बोलायच्या आणि त्या पैशाला नानांनी कधी हात लावला नाही. मुक्ता नोकरीचं काही बोलली की त्या हे सांगायच्या, अगदी कोरडेपणाने. “माझं बोलावणं चुलीत गेलं. मी मेले का?”

दोन वर्षांचे आकडे चांगले आले होते. तिसऱ्या वर्षाचं दाण्याचं वजन मिळालं की बाई मुक्ताचं नाव हैदराबादला डॉक्टरेटच्या जागेसाठी पाठवणार होत्या. शिष्यवृत्ती होती, राहायची सोय होती. नाना दवाखान्यात असताना, शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपलेला बघून तिला म्हणाले होते, “तिसरं वर्ष सोडू नको. माझ्यासाठी थांबूही नको.” हे दुसऱ्या कोणी ऐकलं नव्हतं.

ते गेले तेव्हा भात फुलोऱ्यात होतं. सुतकाच्या पाचव्या आणि आठव्या दिवशी मुक्ता वाफ्यात जाऊन चिमटे लावून आली. लतिकाबाईंनी ते भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. “घरात मयताचा दिवा जळतोय आणि ही पानांच्या नाड्या बघून आली.”

*

“नाना,” शितलने हात जोडले, “शैलेशच्या मुलाला तुमचंच नाव ठेवू.”

कावळ्याने चोचीने पंख खाजवला.

“मूल तर होऊ दे आधी,” लतिकाबाई म्हणाल्या. मुक्ताकडे बघायची त्यांना गरज वाटली नाही.

शैलेश म्हणाला, “नाना, विहिरीचा कठडा पक्का बांधून घेतो.” तेही झालं नाही. एक कावळा उडाला, त्यामुळे तीनच उरले.

“सरका. त्यांचा जीव कशात आहे ते मला ठाऊक आहे.” लतिकाबाई पुढे आल्या. “अहो, ऐका. मुक्ता हैदराबादला जाणार नाही. तुमचं घर टाकून कुठ्ठे जाणार नाही. मी सांगते.”

वारा आला. पट्ट्या फरफरल्या. कावळे जागचे हलले नाहीत.

“तिनं बोलायला हवं,” शितल म्हणाली. “तू सांगून काय उपयोग? जायचंय तिला.”

“वहिनी, बोला तुम्ही,” भटजी म्हणाले. “वेळ होतोय.”

बारा-चौदा माणसं होती. भावकीतली, शाळेतली, स्टेशनातली. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं आणि सगळ्यांची तोंडं मुक्ताकडे होती. तेवढ्यात तिला वाफ्यात हालचाल दिसली. काळी होती. लतिकाबाईंनी तिला मघाशीच खूण करून पाठवलं होतं. हातात विळा होता. ती एका टोकापासून पट्ट्या कापत येत होती, कामाला लावलं की करायची तशी, मन लावून. कापलेल्या पट्ट्या भातात पडत होत्या.

मुक्ताला ओरडता आलं असतं. ती ओरडली नाही. तिने हिशेब केला. पट्ट्या गेल्या म्हणजे कावळा उतरणार. कावळा उतरला की हे संपेल, माणसं जेवतील, पांगतील. स्कूटरच्या डिकीत नवी गुंडाळी आहे, दुपारी तीनपर्यंत पुन्हा बांधता येतील. तोंडाने काय, काहीही म्हणता येतं.

“नाना,” ती म्हणाली, “मी कुठे जाणार नाही.”

शेवटची पट्टी पडली. फांदीवरचा एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पानाशी आला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

“शिवला! शिवला!”

माणसं उठली. दहा दिवसांत लतिकाबाई पहिल्यांदा रडल्या, मोठ्याने रडल्या. शितलच्या खांद्यावरून म्हणाल्या, “बघितलंत? तिच्याच तोंडून ऐकायचं होतं त्यांना.”

“पट्ट्या काढल्या म्हणून आला,” मुक्ता शैलेशला म्हणाली.

“आज तरी गप्प बस ना.”

*

दुपारी तीनला तिला वाफ्यात जाता आलं नाही. लतिकाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, तेराव्यापर्यंत वाडीत पाऊल टाकायचं नाही. वचन दिलंय तर निदान तीन दिवस तरी पाळून दाखव. अकराव्याला माणसं होती, बाराव्याला त्याहून जास्त, तेराव्याला गोडाचं जेवण. मुक्ता पहाटेपासून चुलीशी होती. अकराव्याच्या सकाळी तिने शैलेशला मोरीपाशी गाठलं.

“डिकीत गुंडाळी आहे. बांबू काळीने उपटले नसतील तर तेच वापर. एक हात अंतर ठेव, जरा पीळ देऊन बांध. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“हो.”

संध्याकाळी तिने विचारलं, “बांधल्यास?”

“बांधल्या.”

दुसऱ्या दिवशीही विचारलं. “वाजतात का वाऱ्याने? सैल असल्या तर वाजत नाहीत.”

“वाजतात गं. किती विचारशील?”

चौदाव्या दिवशी सकाळी ती वाडीत गेली. लांबूनच तिला कळलं. भरलेली लोंबी वाकते. तिच्या वाफ्यातल्या सगळ्या लोंब्या ताठ उभ्या होत्या. आसपासच्या शेतांतलं भात अजून फुलत होतं, तिचा वाण आधी येणारा, त्यामुळे अख्ख्या चिखल्यात दुधातला दाणा तेवढा इथेच होता. मुनियांनी एकेक दाणा दाबून चोखून घेतला होता आणि टरफलं जागच्या जागी ठेवली होती. लाल लोकर, पिवळी लोकर, निळी लोकर, सगळं नीट बांधलेलं होतं. ती वाफ्यात शिरली तेव्हा दोनेकशे पक्षी एकदम उठले आणि चिकूंवर जाऊन बसले.

स्कूटर अंगणात होती. डिकीत गुंडाळी होती, प्लास्टिकसकट. शैलेश दाढी करत होता.

“तू बांधल्या म्हणालास.”

त्याने आरशातूनच बघितलं. “तू जाणार नाही म्हणालीस ना? मग पट्ट्या कशाला हव्यात?”

त्याने गालावरून वस्तरा उचलला, पुसला, पुन्हा लावला.

नऊच्या सुमाराला काळी कामावर आली. मुक्ता बांधावरच उभी होती.

“तुला कळत नव्हतं? तीन वर्षं बांधतेयस तू!”

“म्हातारीनं सांगितलं, काढ. काढल्या.”

“मला विचारायचं होतंस.”

काळीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. “तू तिथंच उभी होतीस. माझ्याकडं बघत होतीस. नको म्हणाली असतीस तर थांबले नसते मी?”

मुक्ता म्हणाली, “उद्यापासून येऊ नकोस.”

“बरं,” काळी म्हणाली. पाटी उचलली, आणि जाता जाता वाकून एका रोपाची सुटलेली निळी लोकर सवयीने पुन्हा बांधून गेली.

बाईंचा फोन दुपारी लागला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “पक्ष्यांनी खाल्लं,” त्या म्हणाल्या. “मुक्ता, पक्ष्यांनी खाल्लं हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांकडून ऐकते.”

“घरात मयत झालं होतं, मॅडम.”

“त्याचं मला वाईट वाटतं. पण मी अर्जात ते कुठल्या रकान्यात भरू?” कागद चाळल्याचा आवाज आला. “नविनच्या शेताचं तिसरं वर्ष पूर्ण होतंय. त्याचं नाव पाठवते.”

नविन मुक्ताच्या हाताखाली शिकला होता. चिमटा पानाच्या शिरेवर लावायचा नाही, हे त्याला तिनेच शिकवलं होतं.

मग, फोन ठेवता ठेवता, बाई म्हणाल्या, “तुझी विहीर आहे ना? जानेवारीत उन्हाळी भात लावशील तर तिसरं वर्ष भरून निघेल. नीट झालं तर पाच वर्षांचं कायम चाचणी-शेत तिथं करू, तुझ्या नावावर. हैदराबाद गेलं ते गेलं. पण एक लक्षात ठेव, हिवाळ्यात ऊन तिरकं असतं. दक्षिणेकडून वाफ्यावर काही सावली येत असेल तर मला ते शेत चालणार नाही.”

*

घरात सगळं शांत झालं. लतिकाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगत, कावळा कसा अडून बसला आणि सुनेने शब्द दिल्याबरोबर कसा उतरला. दर वेळी गोष्टीतून पट्ट्या थोड्या कमी होत गेल्या आणि दिवाळीपर्यंत पार गेल्या. “त्यांनीच ठेवलं तिला,” त्या म्हणायच्या. मुक्ता समोरून ताटं उचलून न्यायची. ती उलट बोलत नाही हे बघून लतिकाबाई खूश होत्या. चांगल्या वागायलाही लागल्या होत्या. संक्रांतीला तुला काळी साडी घेऊ म्हणाल्या, वर्ष झालं नसलं तरी.

नोव्हेंबरमध्ये मुक्ता रिकाम्या वाफ्यात काठ्या रोवू लागली. सकाळी नऊला एक, बाराला एक, तीनला एक, सावलीची कड जिथं असेल तिथं. पावसाळ्यात चिकूंची सावली त्यांच्या बुडाशीच पडायची. आता ती रोज थोडी उत्तरेला सरकत होती आणि महिनाअखेर अर्धा वाफा तिच्याखाली गेला.

“आधी पानं मोजायची, आता सावल्या मोजते,” लतिकाबाई ओट्यावरून शैलेशला म्हणाल्या. “मोजू दे. घरात आहे ना!”

एकदा मुक्ता डहाणूला जाऊन आली, मग पुन्हा गेली. काय काम म्हणून कोणी विचारलं नाही. येताना ती काळीच्या पाड्यावर थांबली. काळी बाहेर आली नाही, तिचा नवरा लाहू आला. त्याच्याशी ती दहा मिनिटं बोलली. काळीला पुन्हा कामावर ये, असं म्हणायचं तिच्या मनात होतं. ते राहूनच गेलं.

डिसेंबरचा पहिला रविवार. शितल वापीहून फळ न्यायला आली होती. ओट्यावर गोणपाटावर चिकूचा ढीग होता आणि लतिकाबाई एकेक फळ अंगठ्याने घासून, मोठं इकडे, बारीक तिकडे करत होत्या. शैलेश पेपर वाचत होता. मुक्ताने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी दोन कागद ठेवले.

“हे काय?” लतिकाबाईंनी चष्मा लावला. वरचा कागद सातबारा होता. त्यांनी तो एकदा वाचला, मग नावाच्या रकान्यावर बोट ठेवून पुन्हा वाचला. “शैलेश, विहिरीखालचा तुकडा हिच्या नावावर कसा?”

शैलेशने पेपर खाली घेतला नाही.

“शैल्या, तुला विचारतेय.”

“नानांनी केलं होतं. पंधरा साली.”

“आणि तुला ठाऊक होतं?”

“मी फक्त साक्षीदार म्हणून सही केली.”

शितलने दुसरा कागद उचलला, वाचला आणि तोंडावर हात ठेवला. “आई, ही झाडं तोडायची परवानगी आहे. नऊ चिकू.”

लतिकाबाईंच्या हातातलं फळ तसंच राहिलं. “ती माझी झाडं आहेत,” त्या म्हणाल्या. आवाज भांडणाचा नव्हता. “डोक्यावरून आणलीत मी. घागरीनं पाणी घातलंय. मुक्ता, त्यांना तरी आवडलं असतं का हे?”

“कावळ्याला विचारा.”

मुक्ताने तीन कपांत चहा ओतला, लतिकाबाईंचा बिनसाखरेचा वेगळा काढला आणि त्यांच्यासमोर सरकवला.

“मी कुठे जाणार नाही, शब्द दिलाय,” ती म्हणाली. “विहिरीखाली उन्हाळी भात लावणार आहे, पुढची पाच वर्षं तिथं दुसरं काही होणार नाही. उद्या सकाळी आठला लाहू करवत घेऊन येतोय. काय फळ उतरवायचं असेल ते आज उतरवून घ्या.”